गावोगावच्या कलाकारांची एकत्र कार्यशाळा: पैसा कुणाकडे आणि नेमका कशासाठी मागावा?

ओलीमाती

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, कारण अडचण एक नाही.

आम्ही आजूबाजूच्या चार गावांतल्या कलाकारांना आठ-दहा दिवस एकत्र आणू पाहतोय. मडकी घडवणारे दोघे, हातमागावर विणणाऱ्या तिघी, लाकूडकाम करणारे एक काका, भिंतींवर चित्रं काढणाऱ्या काही बायका, आणि माझ्यासारखे कलाशाळेत शिकून गावाकडे परतलेले दोघं-तिघं. शिकवणीचा वर्ग करायचा नाहीये. विणणारीनं कुंभाराशेजारी बसावं, तिची वीण मातीत कशी उतरेल ते दोघांनी मिळून पाहावं, असं काहीतरी डोक्यात आहे.

एका अनुदान देणाऱ्या संस्थेला विचारलं. त्यांचं उत्तर आलं की अंदाजपत्रक पाठवा, अपेक्षित फलनिष्पत्ती लिहा, नोंदणी प्रमाणपत्र जोडा. आमचा गट नोंदणीकृत नाही, हा पहिला अडथळा. फलनिष्पत्ती काय लिहू? काय घडेल ते आधीच ठाऊक असतं तर एकत्र यायची गरजच नव्हती.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मानधनावरून. साहित्य, जेवण, प्रवास यांचे आकडे जमले. पण गटातल्या एकाचं म्हणणं आहे की सहभागी कलाकारांसाठी पैसे मागितले तर प्रस्ताव बाजूला पडेल. त्यांना नवीन काही शिकायला मिळतंय, तेवढं पुरे. मला हे मुळीच पटत नाही. विणणाऱ्यांपैकी एकीनं सरळ विचारलं, "इतके दिवस माग बंद ठेवला तर घरी काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांनी असं काही प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया लिहा.

वाटसरू

छान उपक्रम. अनुदानाच्या मागे लागण्याआधी लोकवर्गणीचा विचार करा. ऑनलाइन निधी गोळा करता येतो, गावातल्या लोकांनाही आपलेपणा वाटतो. मात्र एक सांगतो, वर्गणी वस्तूंसाठी पटकन मिळते. भट्टी बांधायची आहे म्हटलं की लोक देतात, कुणाचा रोज भरून काढायचा आहे म्हटलं की हात आखडतो. तेव्हा साहित्य आणि जागेचा भाग वर्गणीतून आणि बाकीचं अनुदानातून, अशी वाटणी करून पाहा.

जुना कुंचला

ओलीमाती, मानधनाबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. मी तर म्हणेन अंदाजपत्रकातली पहिली ओळच ती असू द्या. माती, सूत, रंग, जेवण सगळं तिच्या खाली.

माझी बरीच वर्षं अशा कार्यशाळा भरवण्यात गेली, आणि मधला काही काळ मी प्रस्ताव वाचणाऱ्या समितीवर होतो. तिथे एक गोष्ट वारंवार पाहिली. मंडपाला आकडा, ध्वनिव्यवस्थेला आकडा, छायाचित्रकाराला, छापील पुस्तिकेला, उद्घाटनाच्या पाहुण्याला आकडा, आणि दिवसभर हात चालवणाऱ्या कलाकारासमोर काहीच नाही. मानधन मागितलं म्हणून प्रस्ताव फेटाळला गेल्याचं मला आठवत नाही. प्रश्न यायचा तो वेगळा, की हा आकडा कुठून आला? त्याचं उत्तर लिहिलेलं असलं की कुणी अडवत नसे.

म्हणून आकडा असा काढा. प्रत्येकाला विचारा की त्या दिवसांत, त्या हंगामात घरी राहिलात तर किती मिळवाल. माग बंद राहिल्याचं नुकसान, भट्टीचा फेरा चुकल्याचं, शेतातल्या मजुरीचा खाडा, सगळं धरा. जो आकडा सर्वांत मोठा निघेल तोच सगळ्यांना द्या. सरासरी काढू नका. सरासरी काढली की ज्याचं सर्वांत जास्त नुकसान होणार आहे तो येतच नाही, आणि बहुधा तोच तुमचा सगळ्यात कसबी माणूस असतो. कलाशाळेतल्यांना आणि गावातल्यांना दर एकच ठेवा. यावर तडजोड करू नका. एकत्र काम करायचं म्हणता आणि एकाला 'मार्गदर्शक' म्हणून दुप्पट देता, तर पहिल्याच दिवशी बाकीचे समजून जातात की इथे कोण कुणाला शिकवणार आहे.

हा झगडा जुना आहे, तोही केवढ्या श्रीमंत देशांत! कॅनडातल्या कलाकारांनी 1968 मध्ये कारफॅक ही आपली संघटना उभी केली. प्रदर्शनानं नाव होतं, मग वर पैसे कशाला, हा समज मोडायला त्यांना काही वर्षं लागली. 1975 मध्ये तिथल्या कला परिषदेनं कलादालनांना अट घातली की आमचं अनुदान हवं असेल तर जिवंत कलाकारांना प्रदर्शनाचं मानधन द्यावं लागेल. न्यूयॉर्कमध्ये 2008 साली सुरू झालेला वेज हा कलाकारांचा गट याच मागणीसाठी उभा राहिला, आणि नीट मोबदला देणाऱ्या संस्थांना प्रमाणपत्र देऊ लागला. तुमच्या गटातल्या त्या सदस्याला हे जरूर सांगा. 'शिकायला मिळतंय' हे कारण सगळीकडे देऊन झालेलं आहे.

आपल्याकडचं उदाहरणही आठवण्यासारखं आहे. 1966-67 च्या बिहारमधल्या दुष्काळात हस्तकला मंडळातर्फे पुपुल जयकर यांनी चित्रकार भास्कर कुळकर्णींना मिथिलेत पाठवलं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद दिला गेला आणि त्यांनी काढलेली चित्रं विकत घेतली गेली. घरात पैसा येऊ लागला. कौतुकाची भाषणं नंतर झाली.

आता फलनिष्पत्ती. वस्तूंची संख्या लिहू नका. "पंचवीस कलाकृती तयार होतील" असं लिहिलंत की शेवटच्या तीन दिवसांत सगळे संख्या भरायला बसतात आणि एकत्र शोधायचं राहून जातं. शिल्पकार अँथनी कॅरो आणि रॉबर्ट लोडर यांनी 1982 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाइन प्लेन्स इथे ट्रँगल नावाची कार्यशाळा सुरू केली. दोन आठवडे कलाकारांनी एकत्र राहायचं, एकमेकांचं काम बघत काम करायचं, प्रदर्शनासाठी काही पूर्ण करून दाखवायची सक्ती नाही. त्याच कल्पनेतून 1985 मध्ये दक्षिण आफ्रिकेत थुपेलो आणि 1997 मध्ये भारतात खोज उभं राहिलं. शेवटी दारं उघडी ठेवायची, लोकांनी येऊन अर्धवट कामांसकट सगळं पाहायचं, ही पद्धत तुम्हीही लिहू शकता. देणाऱ्या संस्थेला तारीख असलेला एक ठोस कार्यक्रम मिळतो आणि कलाकाराच्या मानेवर जू बसत नाही.

फक्त ट्रँगलचा साचा जसाच्या तसा उचलू नका. तो मुख्यतः प्रवास करू शकणाऱ्या, स्टुडिओत वाढलेल्या कलाकारांचा होता. तुमच्या विणणाऱ्या बाईंना सलग दहा रात्री घराबाहेर राहणं जमेल का, हे आधी त्यांनाच विचारा. चार-चार दिवसांचे दोन टप्पे, मध्ये दोन-तीन आठवडे, हे मला गावांसाठी कितीतरी बरं वाटत आलं आहे. घडवलेली माती सावकाश वाळते, मग भाजायची, मग कळतं की तडा गेला की टिकली. तेवढ्या वेळात विणणारीही घरच्या मागावर एखादा तुकडा करून पाहते. दुसऱ्या टप्प्यावर दोघं येतात तेव्हा बोलायला खरं काहीतरी असतं.

म्हणूनच एकूण रकमेचा पाचवा हिस्सा तरी नंतरच्या कामासाठी मागा. पुन्हा एकदा भेटणं, राहिलेली भाजणी, लागलंच तर सूत. देणाऱ्याला समारोप झाला की फाइल बंद करायची घाई असते. कलाकारांची ओळख तर तेव्हा कुठे पिकायला लागलेली असते.

ताळेबंद

हिशेबाच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण अशा उपक्रमांचे हिशेब मी पाहतो.

नोंदणी नाही म्हणून थांबू नका. एखादी नोंदणीकृत संस्था तुमच्यासाठी छत्रसंस्था होऊ शकते. अनुदान तिच्या खात्यात येतं, ती थोडं व्यवस्थापन शुल्क घेते आणि हिशेबाची जबाबदारी तिच्यावर राहते. पण लेखी करार हवाच. पैसे तुमच्या कामाला किती दिवसांत सोडले जातील, खर्चाचा निर्णय कोण घेईल, शुल्क नेमकं किती, हे तीन मुद्दे त्यात पाहिजेतच. आणि जिच्या मुख्य कामाशी कलेचा संबंध लागतो अशीच संस्था बघा, नाहीतर देणाऱ्यालाही शंका येते आणि लेखापरीक्षकालाही.

दुसरं, हप्ते. 'आधी खर्च करा, नंतर भरपाई देऊ' ही अट असलेलं अनुदान शक्यतो घेऊ नका. गावातल्या कलाकाराकडे उसनवार करण्याखेरीज पर्याय नसतो. पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी आणि साहित्य, प्रवास व निम्मं मानधन भागेल एवढा मागा. शेवटचा हप्ता अहवालानंतरच मिळतो, म्हणून त्यावर कुणाचंही मानधन अवलंबून ठेवू नका. छपाई, व्यवस्थापन असली कामं तिकडे ढकला.

पावत्यांचं काय, हा प्रश्न येणारच. माती आणणारा, लाकूड देणारा छापील बिल देत नाही. तारीख, वस्तू, वजन किंवा नग, रक्कम, सही किंवा अंगठा असं साधं व्हाउचर चालेल का, हे देणाऱ्या संस्थेला आधीच विचारा आणि लेखी घ्या. मानधन थेट त्या कलाकाराच्या नावच्या खात्यात जाऊ द्या. बाईंचं मानधन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात नको, मग ते कितीही सोयीचं वाटो.

वाटसरूंनी वर्गणीचं सुचवलं त्यात भर घालतो. फुकट मिळालेल्या गोष्टींचीही किंमत मांडा. रिकामी शाळा, स्वयंपाकाला येणारे लोक, कुणाचा ट्रॅक्टर, हे सगळं स्थानिक वाटा म्हणून दाखवता येतं. अमेरिकेतला राष्ट्रीय कला निधी बहुतेक अनुदानांत अट घालतो की आम्ही देऊ तेवढाच वाटा मागणाऱ्यानंही उभा करावा, आणि त्यात इतरांनी दिलेली अशी मदतही धरतो. इतर अनेक देणाऱ्यांचाही हाच विचार असतो. गाव किती देतंय हे आकड्यात दिसलं की प्रस्तावाचं वजन बदलतं.

सुईदोरा

मी स्वतः भरतकाम करते, अशा कार्यशाळांना सहभागी म्हणून जाते. दोनच गोष्टी सांगायच्यात.

मुलांना सांभाळायला माणूस ठेवा आणि तो खर्च अंदाजपत्रकात ठळक लिहा. इतर खर्चात लपवू नका. तो नसला की बायका नावनोंदणी करतात आणि दुपारनंतर दिसेनाशा होतात, मग अहवालात लिहिलं जातं की महिलांचा प्रतिसाद कमी होता.

आणि तारखा आम्हाला विचारून ठरवा. पेरणी-कापणीत कुणी येणार नाही. अनुदानाचं वर्ष कधी संपतं यावर आमचं शेत चालत नाही. देणाऱ्याला पहिल्या पत्रातच हे कळवा, तारीख पुढे-मागे करायची मुभा बहुतेक जण देतात. मागणाऱ्यालाच संकोच वाटतो.

ओलीमाती

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. सुईदोरा, मुलांचा मुद्दा आमच्या यादीत नव्हताच, आजच घातला. दोन टप्प्यांची कल्पना विणणाऱ्या ताईंना सांगितली, त्या लगेच हो म्हणाल्या. गटातल्या त्या सदस्यालाही कॅनडाची हकीकत वाचून दाखवली, आता तो मानधनाचे आकडे स्वतः गोळा करतोय.

आता नवा पेच. दुसऱ्या एका देणगीदारानं तोंडी होकार दिलाय, पण त्यांची इच्छा आहे की कार्यशाळेत तयार झालेलं सगळं त्यांच्याकडे जमा व्हावं आणि चित्रं-नक्ष्या त्यांच्या उत्पादनांवर वापरता याव्यात. रक्कम चांगली आहे. दोघांनी मिळून केलेल्या वस्तूवर हक्क तरी कुणाचा असतो?

जुना कुंचला

ओलीमाती, या अटीला नाही म्हणा. रक्कम कितीही असो. कार्यशाळेचा खर्च देणं आणि नक्ष्यांचे हक्क विकत घेणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. दुसरा करायचाच असेल तर तो ज्या त्या कलाकाराशी, वेगळ्या करारानं, वेगळ्या मोबदल्यात आणि काम झाल्यावर व्हावा. जे अजून काढलेलंच नाही त्याचे हक्क आज लिहून द्यायला तुम्ही तरी कोण?

देणगीदाराला फार तर असं सुचवा: नावाचा उल्लेख, छायाचित्रं फक्त स्वतःच्या अहवालात वापरायची परवानगी, आणि खुल्या दिवशी इतरांआधी खरेदी करायची संधी, तीही पूर्ण किमतीला. चांगला देणगीदार एवढ्यावर खूश होतो. जो होत नाही त्याला तुमच्या कार्यशाळेशी मुळात देणंघेणं नव्हतं.

दोघांनी मिळून केलेल्या कामावर दोघांचाही हक्क असतो. बर्न करारात, म्हणजे 1886 पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्क करारात, अशा संयुक्त कामाची मुदत शेवटच्या हयात कर्त्याच्या मृत्यूपासून मोजतात. निर्मात्याचं नाव लावलं जाण्याचा आणि कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्कही त्यात आहे, पैशांचे हक्क विकले तरी तो कलाकाराकडेच राहतो. पण प्रत्यक्ष वाटणी कशी करायची हे प्रत्येक देशाचा कायदा आणि तुमचा आपसातला करार ठरवतो. म्हणून तो करार पहिल्या दिवशी, हात मातीत घालण्याआधी, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून करा. वस्तू विकली गेल्यावर वाटणीचं बोलायला बसलात तर मैत्री टिकत नाही.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या किंगाइट या इनुइट आदिवासींच्या वस्तीत हे फार सुंदर चालतं. तिथली सहकारी संस्था 1959 पासून दरवर्षी छापचित्रांचा संच काढते. चित्र एकजण काढतो, दगडावर कोरून छापणारा दुसराच असतो, आणि चित्राशी दोघांचीही नावं जोडलेली राहतात. चित्रकाराकडून रेखाटन संस्था तेव्हाच विकत घेते. पुढे छापलं जाईल का, विकलं जाईल का, ही चिंता संस्थेची. एकत्र काम करणाऱ्यांत श्रेय आणि पैसा कसा वाटावा, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. बाजारातला धोका कलाकारावर पडत नाही, तो संस्था उचलते. तुमच्या चार गावांना पुढे कधी सहकारी संस्था करावीशी वाटली तर तिकडे जरूर बघा.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला हक्कांइतकीच महत्त्वाची वाटते. काही नक्ष्या एकट्या माणसाच्या नसतात. ऑस्ट्रेलियात पापुन्या इथे 1971 मध्ये शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनानं आदिवासी पुरुषांनी शाळेची भिंत रंगवली, मग फळ्यांवर चित्रं काढायला लागले, आणि 1972 मध्ये त्यांनी स्वतःच्या मालकीची पापुन्या तुला ही कंपनी काढली. सुरुवातीच्या काही चित्रांत विधींतली अशी चिन्हं आली होती जी बाहेरच्यांनी पाहायची नव्हती. त्यांच्याच लोकांनी हरकत घेतली आणि चित्रकारांनी पुढच्या कामात ती टाळली किंवा झाकली. तुमच्या भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कार्यशाळेआधी विचारा की कुठलं चित्र कागदावर उतरवायचं नाही, कुठलं विकायचं नाही. त्या सांगतील ते करारात जसंच्या तसं लिहा. त्याचं कारण मागू नका.

तुम्हाला सुरुवातीला उपयोग व्हावा म्हणून मी वापरतो तो मजकूर देतो. तुमच्या भाषेत बदलून घ्या, आणि सह्यांआधी एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला:

"या कार्यशाळेत तयार होणारं प्रत्येक काम ते करणाऱ्यांच्या मालकीचं राहील. एकापेक्षा अधिक जणांनी केलेल्या कामावर सगळ्यांची नावं लागतील आणि विक्रीची रक्कम त्यांच्यात समान वाटली जाईल. वेगळी वाटणी हवी असल्यास काम सुरू करताना ती कागदावर लिहून सगळे सही करतील. काम विकण्यास किंवा त्याची नक्कल काढण्यास सर्व कर्त्यांची संमती लागेल. आयोजक आणि निधी देणारे छायाचित्रं केवळ अहवाल व माहितीसाठी, कलाकारांच्या नावांसह वापरतील. सोबतच्या यादीतली चित्रं व चिन्हं कार्यशाळेत वापरली जाणार नाहीत. खरेदी केलेली अवजारं कार्यशाळेनंतर सहभागी कलाकारांच्या सामाईक मालकीची राहतील आणि ती कुणाकडे ठेवायची हे शेवटच्या दिवशी सगळे मिळून ठरवतील."

अवजारांचं वाक्य गाळू नका. भट्टी आणि माग कुणाच्या अंगणात राहणार यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी चित्रांवरून होत नाहीत. अंदाजपत्रक तयार झालं की इथे टाका, मी आणि ताळेबंद मिळून बघतो.